हातांची हजेरी

आमच्या प्रयोगशाळेत माणसांच्या आधी हातांची हजेरी व्हायची. सकाळी दाराशी डॉक्टर रंगनाथराव बिलोलीकर उभे असायचे, स्वतःचे हात पाठीमागे बांधून. येणाऱ्या प्रत्येकाने दोन्ही हात पुढे करायचे, आधी पालथे, मग उताणे. ते चष्मा कपाळावर सरकवून, वाकून, बोटांची पेरं न् पेरं बघायचे. नखाजवळची कातडी निघालेली असली, सुपारी कातरताना अडकित्त्याचा चिमटा बसलेला असला, विळीवर बोट कापलेलं असलं, की तो माणूस त्या दिवशी जंतूंच्या खोलीत जायचा नाही. बाहेर बसून कागदांना फिती बांधायचा.

मी तिथे रुजू झाले तेव्हा नुकतीच डॉक्टर झाले होते. हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या वकिलाची मुलगी, नाकाचा शेंडा कायम वर. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात बघितले आणि म्हणाले, "मेंदी कधी काढली?"

"परवा. मावशीच्या मुलीचं लग्न होतं."

"मेंदीखाली खरचटलेलं दिसत नाही. उतरेपर्यंत आत यायचं नाही."

मी आठ-दहा दिवस फिती बांधल्या. घरी येऊन आईला सांगितलं, की माझ्या नशिबी एक भित्रा साहेब आला आहे.

हे मी एकटीच म्हणत नव्हते. सगळी कचेरी त्यांना पाठीमागे 'डरपोक डाक्टर' म्हणायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं. उंच, वाळका माणूस, अंगात बंद गळ्याचा पांढरा कोट, डोक्यावर काळी टोपी. दार उघडायचं तर कोपराने. पुस्तकाचं पान उलटायचं तर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने. तारनाक्याला राहायचे, रोज बसने यायचे, आणि बसमध्ये कधीही दांडी धरायचे नाहीत. हात पाठीमागे, पाय फाकलेले, असे मधोमध उभे. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की साहेब कुणाच्या तरी अंगावर. मी स्वतः एकदा त्यांना एका जाड्या बाईंच्या भाजीच्या पिशवीत बसलेलं बघितलं आहे. उठले, बाईंची माफी मागितली, आणि पुन्हा दांडी न धरता उभे राहिले.

"साहेब, धरा की दांडी," मी म्हटलं.

"हजार माणसांनी धरलेली आहे ती, डॉक्टरीणबाई. त्या हजारांत कोण कुठून आलं, तुम्ही बघितलंय?"

आमच्या ओळखीतल्या एका लग्नात ते भर पंगतीतून उठले होते. वाढप्याचं बोट वरणात बुडालेलं त्यांना दिसलं. वधूपिता हात जोडून मागे धावतोय, आणि हे बोळकांडीतून झपाझप चाललेत. विषमज्वराचे जंतू अंगात बाळगून ठणठणीत हिंडणारी माणसं असतात, हे त्यांनी त्या वधूपित्याला तिथे उभ्या उभ्या समजावून सांगितलं. पुढे त्या लग्नातल्या कुणालाही काहीही झालं नाही, आणि साहेबांची वर्षभर टिंगल झाली. मीही त्यात होते.

एकदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. त्या काळी पातळ द्रव मोजून घ्यायचा तर बारीक काचनळी तोंडात धरून ओढायची पद्धत होती. सगळे तसंच करायचे. नळीच्या वरच्या टोकाला कापसाचा बोळा घालायचा, म्हणजे चुकून जास्त ओढलं गेलं तरी तोंडात येत नाही. मी घाईत होते, बोळा घातला नाही. नळी ओठांना लावणार, तेवढ्यात मागून असा ओरडा आला की माझ्या हातातून ती पडून फुटली. आत नुसतं मिठाचं पाणी होतं. मी तसं सांगितलं. ते भिंतीला पाठ टेकून उभे होते, तोंड पांढरंफटक.

"पाणी असो की अमृत असो. बोळ्याशिवाय ओढलेलं पुन्हा दिसलं तर उद्यापासून येऊ नका."

मला राग आला, आणि भीतीही वाटली. म्हातारा कधीतरी वेडा होणार, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. त्यांचं वय तेव्हा पन्नाशीचंही नव्हतं.

जंतूंच्या खोलीत एक कुलपाचं कपाट होतं. त्यात आमचा साठा असायचा. हैजा म्हणजे कॉलरा, विषमज्वर, घटसर्प, असे एकेका रोग्याच्या अंगातून काढलेले जंतू नळ्यांमध्ये आगर नावाच्या खळीच्या थरावर वाढवून जपून ठेवलेले. नव्या रोग्याचा जंतू ओळखायचा तर जुना ओळखीचा शेजारी हवा, म्हणून ते जपायचे. ठरावीक काळाने त्यांना ताज्या आगरवर हलवावं लागतं, नाहीतर मरतात. हे काम आम्ही वाटून करायचो. एक नळी मात्र साहेब कुणाला हात लावू देत नसत. तिच्यात प्लेगचा जंतू होता. शहरातला प्लेग केव्हाच गेला होता, पण ही नळी जिवंत होती. ती हलवायच्या दिवशी ते सगळ्यांना बाहेर काढायचे, तोंडाला फडकं बांधायचे आणि आतून कडी लावायचे. बाहेर येताना घामाने कोट भिजलेला असायचा.

"एवढी भीती वाटते तर मारून का टाकत नाही?" मी एकदा विचारलं.

"बघू," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मग राज्यांची फेररचना आली. आमचं हैदराबाद राज्य मोडणार, तेलुगू मुलूख इथेच, कानडी तिकडे, मराठवाडा मुंबईला. नोव्हेंबरची पहिली तारीख ठरली. कचेऱ्यांमधून खुर्च्या, कपाटं, टंकयंत्रं आणि माणसं यांचे वाटे सुरू झाले. रोज कुणाचं तरी नाव निघायचं आणि जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी डबा न उघडता बसून राहायचं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सुलतान बाजारचे, आम्हाला दुसरा जिल्हाच नव्हता, म्हणून मी इथेच राहणार होते. साहेब बिलोलीचे, नांदेड जिल्हा. ते जाणार हे उघड होतं, फक्त हुकूम यायचा होता.

वाटे करायला एक अधिकारी आले होते. त्यांनी सूक्ष्मदर्शक मोजले, तराजू मोजले आणि मग कपाटाकडे बोट दाखवलं. "यह स्टॉक भी तक्सीम होगा. जिस जिले का, उस जिले कू."

साहेब म्हणाले, "हुजूर, इसमें हैजा है, घटसर्प है. यह बांटने की चीज है क्या?"

"सरकारी चीज है ना? फिर बंटेगी."

आणि खरोखर, जंतूंची जिल्हावार वाटणी झाली. मूळ रोगी कुठला, त्यावरून. गुलबर्ग्याच्या बाईचा घटसर्प म्हैसूरला, वरंगलचा हैजा इथे. प्लेगच्या नळीपाशी अधिकारी थांबले. "रोगी कहां का?"

साहेबांनी चष्मा काढून कोटाच्या टोकाला पुसला. "बिलोली," ते म्हणाले.

"तो यह आपके साथ जाएगा."

प्रवासाला पाठवायचे म्हणून सगळे जंतू नव्या नळ्यांत हलवले. एकसारख्या नळ्या, तोंडाशी कापसाचे बोळे आणि काचेवर मेणाच्या पेन्सिलीने लिहिलेली नावं. लाकडी घोड्यांवर, म्हणजे नळ्या उभ्या करायच्या मांडण्यांवर, ओळीने लावून त्या जंतूंच्या खोलीत ठेवल्या. खोलीला कुलूप, आणि किल्ली साहेबांच्या जानव्याला.

अशात दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची. ती यादगिरीची. यादगिरी हा आमचा जुना शिपाई, भोंगीरकडचा, साहेबांपेक्षा वयाने मोठा. काचसामान धुणं, आगर शिजवणं, वाफेच्या हंड्यात सामान निर्जंतुक करणं, सगळं त्याच्याकडे. तो हंड्याला 'देग' म्हणायचा. वर्षातून एकदा तो सूक्ष्मदर्शक, तराजू आणि देग घासूनपुसून लख्ख करी, हळदकुंकू लावी, झेंडूच्या माळा घाली, दाराबाहेर कोहळा फोडी. साहेब देवाधर्माचे फारसे नव्हते, पण सूक्ष्मदर्शकाला हात जोडायचे. जंतूंच्या खोलीत पूजा नाही, एवढाच त्यांचा नियम होता.

त्या सकाळी हुकूम आला. सरकारातून आलेल्या शिपायाने दाराशीच साहेबांच्या हातात दिला. ते खोलीत काम करत होते, तसेच बाहेर आले होते. वाचला, घडी घातली, आणि सचिवालयात जाऊन येतो म्हणून निघाले. त्या दिवशी हातांची हजेरी झाली नाही. आणि ज्या माणसाने इतकी वर्षं ते दार दोनदा ओढून बघितल्याशिवाय पाऊल उचललं नव्हतं, तो कुलूप लावायला विसरला.

मी दुपारी आले तेव्हा अंगणात उदबत्तीचा वास होता, फुटलेल्या कोहळ्यावर कुंकू पडलेलं होतं. यादगिरी खुशीत होता. "डाक्टरम्मा, देखो, इस साल साब जा रहें ना. मैं सब चमका दिया."

पाठोपाठ साहेब आले. सूक्ष्मदर्शकाला हात जोडले. मग त्यांची नजर पलीकडे गेली.

जंतूंच्या खोलीचं दार उघडं होतं. आत घोड्यांवर नळ्या रांगेने उभ्या होत्या, ओल्या फडक्याने पुसून आरशासारख्या स्वच्छ केलेल्या. मेणाची अक्षरं गेली होती. प्रत्येक नळीवर हळदीचा एक ठिपका, कुंकवाचा एक ठिपका. तोंडाशी नवे, पांढरेशुभ्र कापसाचे बोळे.

"काले पड़ गए थे साब, पुराने वाले," यादगिरी म्हणाला. "पंडुगा है ना, तेव्हार. निकाल के नवे डाल दिया."

म्हणजे त्याने प्रत्येक नळी उघडली होती. त्यात प्लेगची एक होती, आणि ती कोणती हे आता जगात कुणालाच सांगता येत नव्हतं.

साहेब ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ते ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "यादगिरी, हात."

यादगिरीने हात पुढे केले. आधी पालथे, मग उताणे. उजव्या अंगठ्यावर ताजा काप होता.

"यह कब?"

"सुबू. कद्दू काटने में."

साहेबांनी त्याचा हात धरून नळाखाली नेला, साबणाने, मग औषधी पाण्याने, मग स्पिरिटने धुतला. यादगिरी कळवळत होता आणि माफी मागत होता, कशाची ते त्याला कळलं नव्हतं. मग साहेबांनी विचारलं, "पुराना कापूस कां है?"

तो अंगणात झाडून टाकलेला होता. झेंडूच्या पाकळ्या, कोहळ्याच्या बिया आणि त्यात विखुरलेले मळके बोळे. साहेब तोंडाला फडकं बांधून, हातात चिमटा घेऊन फरशीवर गुडघ्यांवर बसले. पाकळी न् पाकळी उलटून एकेक बोळा उचलून ते स्पिरिटच्या भांड्यात टाकत होते. मला दारातून अंगणात यायची मनाई होती. वारा सुटला, एक बोळा गडगडत नाल्याकडे गेला, आणि हा बसची दांडी न धरणारा माणूस पालथा पडून त्याच्यावर झेपावला. मी डोळे मिटून घेतले. शेवटी सगळं पेटवून दिलं.

यादगिरीला त्याच वेळी स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन आणि सल्फाच्या गोळ्या सुरू केल्या. वरिष्ठांना कळवलं. ताप आला तर तत्काळ कोरंटीत हलवा, तोवर वेगळा ठेवा, असं उत्तर आलं. क्वारंटाइनच्या दवाखान्याला आमच्याकडे कोरंटी म्हणतात, आणि त्या नावानेच माणसं अर्धी होत. यादगिरीने साहेबांचे पाय धरले. "कोरंटीकू नक्को साब. उधर जाके कौन बी वापस नई आता. मैं इधरिच मरतूं."

मागच्या अंगणात गिनीपिगांची खोली होती. गिनीपिगांचीही वाटणी होऊन ती रिकामी झाली होती. तिथे यादगिरीची खाट टाकली, आणि शेजारी साहेबांनी स्वतःची टाकली.

"तुम्ही कशाला?" मी खिडकीच्या गजांबाहेरून विचारलं. "मी सुया देईन. तुमची घरची मंडळी पुढे गेली, सामान बांधून पडलंय, तुम्हाला जायचंय."

"तुम्ही भ्यायलात का, डॉक्टरीणबाई?"

"हो."

"मग बाहेरच बसा. मी पण भ्यायलोय. पण मी भ्यायचं शिकलेलो आहे. आत कोणीतरी शिकलेला पाहिजे."

ते दिवस मी खिडकीबाहेर एका स्टुलावर काढले. प्लेग अंगात शिरला की उठायला दिवस घेतो. तोवर माणूस जेवतो, हसतो, बिडी ओढतो. यादगिरीची बायको फाटकापाशी जेवण ठेवून लांब उभी राहायची, एक शब्द बोलायची नाही, नुसती खोलीच्या दाराकडे बघायची. साहेब सकाळ-संध्याकाळ ताप बघायचे, यादगिरीच्या काखेत बोटांनी चाचपून गाठ शोधायचे, आणि मला ओरडून सांगायचे, "नाही!" तो "नाही" ऐकला की मी फाटकाकडे बघून हात हलवायची. एरवी काम नसलं की ते पाठीमागे हात बांधून येरझारा घालत. आणि मी पाठीमागच्या खिडकीत असल्याने मला पहिल्यांदाच दिसलं, की त्यांचे हात सारखे थरथरत होते. एक हात दुसऱ्याला घट्ट धरून ठेवत होता. इतकी वर्षं आम्ही त्याला साहेबी ऐट समजलो होतो.

एका दुपारी ते खिडकीपाशी येऊन बसले. यादगिरीला डुलकी लागली होती.

"त्या नळीतला रोगी कोण, तुम्ही कधी विचारलं नाही," ते म्हणाले.

"बिलोलीचा कुणीतरी."

"माझा धाकटा भाऊ. विष्णू."

दोघे भाऊ याच कामात होते, प्लेगच्या दिवसांत. दिवाळीला घरी जायचं होतं, गाडी चुकेल म्हणून रंगनाथराव घाई करत होते. विष्णूचं शेवटचं काम राहिलं होतं. नळीला बोळा घालायला त्याने कापूस हातात घेतला, तेव्हा हे म्हणाले, "राहू दे रे, आटप लवकर." त्याने कापूस खाली ठेवला आणि नळी तोंडाला लावली. एक घोट वर आला. थुंकला, चूळ भरली, दोघं हसले आणि गाडीत बसले. दिवाळीच्या आत तो गेला. तेव्हा ही इंजेक्शनं नव्हती.

"त्याच्या गाठीतला जंतू मीच काढला, मीच आगरवर लावला. मारून टाकायचं दरवेळी ठरवलं. हात होईना. त्याचं दुसरं काही जिवंत राहिलेलं नाही हो माझ्याकडं. दरवेळी नळी उघडताना तो मला भेडसावतो. तेवढीच भेट."

गजांमधून हात घालून त्यांचा हात धरावासा वाटला, पण तेवढी हिंमत मला नव्हती.

"इतकी वर्षं आगरवर वाढून तो मवाळ झाला असेल," ते यादगिरीकडे बघत म्हणाले. "होतात असे. कदाचित."

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपार कलताना आतून यादगिरीचा आवाज आला. "साब, जरम आया."

ताप आला होता. आधी थंडी वाजली, इतकी की खाट हलत होती, मग अंग भट्टीसारखं तापलं. साहेबांनी काख चाचपली. यावेळी ते "नाही" ओरडले नाहीत. म्हणाले, "कळत नाही." फाटकापाशी यादगिरीची बायको उभी होती. मी तिच्याकडे बघणं टाळलं.

कोरंटीला कळवण्याआधी साहेबांनी यादगिरीच्या बोटातून रक्ताचे थेंब काचपट्टीवर घेतले, पसरले, पक्के केले, आणि तबकात ठेवून खिडकीतून मला दिले. "रंगवा आणि बघा. प्लेगचा जंतू दोन्ही टोकांना गडद दिसतो, मध्ये फिका. रक्तात तो दिसला तर मला सांगायला धावत येऊ नका. सावकाश या. मी समजेन."

आमच्या सूक्ष्मदर्शकाला आरसा होता, त्यावर उजेड घ्यायचा खिडकीतून. आणि सूर्य उतरत चालला होता. काचपट्टी रंगत होती तेवढा वेळही मला धीर नव्हता. डोळा लावला. तांबड्या पेशी, पुन्हा तांबड्या पेशी. काच सरकवत होते, आरसा फिरवत होते, प्रत्येक रंगाच्या कणाशी थांबत होते. टोकं गडद, मध्ये फिकं. आहे का? नाही, घाण आहे. पुढे. आणि मग एका तांबड्या पेशीच्या आत मला एक नाजूक निळी अंगठी दिसली, तिला एक लाल खडा. शेजारच्या पेशीत दुसरी. त्याच्या पुढे तिसरी.

तो मलेरिया होता. साधा, घरोघरचा, डासांचा मलेरिया. आयुष्यात कुठल्या रोगाला बघून मी इतकी हरखले नाही. मी धावत सुटले, चप्पल वाटेत राहिली. "साहेब, मलेरिया! मलेरिया आहे!"

मी धावत येतेय हे बघूनच त्यांना कळलं होतं. ते यादगिरीच्या खाटेवर बसले आणि तोंडावरच्या फडक्यात तोंड लपवून रडले. यादगिरी तापात ग्लानीने विचारत होता, "क्या हुआ साब? मैं मर गया क्या?"

तरीही त्यांनी सगळी मुदत पुरी होईपर्यंत त्याला बाहेर सोडलं नाही. मलेरियाबरोबर दुसरं काही नसेलच असं कुणी सांगितलंय, म्हणाले. रोज काख, रोज सुई, आणि आता क्विनीनही. गाठ आली नाही.

बाहेर आल्यावर राहिला नळ्यांचा प्रश्न. अधिकारी तगादा लावत होते, तारीख उद्यावर आली होती. मी म्हटलं, "एकेक उघडून, रंगवून बघता येईल. तुमची नळी सापडेल. मी मदत करते."

ते घोड्यांपुढे उभे राहिले. हळदकुंकू लावलेल्या त्या सगळ्या नळ्यांवरून त्यांची नजर फिरत होती. त्यांतल्या एकीत विष्णू होता.

"सापडेल," ते म्हणाले. "पण प्रत्येक नळी उघडावी लागेल, आणि मी घाईत आहे. गाडी पकडायचीय." थोडं थांबून म्हणाले, "याच्या आधी एकदा घाई केली आहे."

त्यांनी यादगिरीला देग पेटवायला सांगितलं. घोडे त्यांनी स्वतः उचलून आत ठेवले. झाकणाचे स्क्रू आवळताना हात थरथरत होते, ते त्यांनी लपवले नाहीत. दाब चढला, वाफ फुसफुसायला लागली. ते समोर स्टुलावर बसले होते. यादगिरीला आता सगळं कळलं होतं, तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. झाकण काढलं तेव्हा सगळं आगर वितळून पाणी झालेलं, बोळे भिजलेले, आणि काचेवरचं कुंकू वाफेने ओघळून खाली आलेलं.

"आता धू," साहेब यादगिरीला म्हणाले. "आता पाहिजे तेवढ्या पूस."

साठा नष्ट केल्याबद्दल त्यांना बरीच लिखापढी करावी लागली. ती त्यांनी मुकाट्याने केली.

काचीगुड्याच्या स्टेशनावर मी आणि यादगिरी त्यांना पोचवायला गेलो. त्या दिवसांत तिथे रोजच रडारड होती. निम्मं मराठी हैदराबाद त्याच गाडीने जात होतं. साहेब खिडकीशी बसले होते. यादगिरीने न सांगता हात पुढे केले, पालथे, मग उताणे. अंगठ्यावरचा काप भरून आला होता, नुसती पांढरी रेघ उरली होती. मी माझे दाखवले. साहेबांनी चष्मा वर करून नीट बघितले.

मग यादगिरी म्हणाला, "अब आपके दिखाओ, साब."

त्यांना हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मग दोन्ही हात खिडकीशी आणले. उताण्या तळव्यांना कुठे ओरखडा नव्हता. ते थरथरत होते, आणि यादगिरीने ते गजांतून आपल्या हातांत घेतले आणि शिट्टी होईपर्यंत सोडले नाहीत.

गाडी हलली. साहेबांनी मोकळे झालेले हात पाठीमागे नेले नाहीत. त्यांनी खिडकीचे गज धरले, दोन्ही मुठींनी. ते काळे, चिकट, हजार माणसांनी धरलेले गज. डबा पुढे जात होता आणि साहेब ते सोडत नव्हते. मी बघत राहिले. इतकी वर्षं ज्या भीतीने या माणसाला आणि आम्हा सगळ्यांना जिवंत ठेवलं होतं, ती आम्ही त्या देगेत शिजवून टाकली होती. आता तिकडे त्यांना कोण सांभाळणार?

मी गाडीबरोबर धावायला लागले. लोक बघत होते. "साहेब!" मी ओरडले. "पोचल्यावर हात धुवा! आधी हात धुवा!"

त्यांना ऐकू गेलं असावं. त्यांनी खाली आपल्या मुठींकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि गज तसेच धरून ठेवले.